शमीचा वसंत

२०२० चा मार्च आठवून बघा. तुम्ही तेव्हा सातवी-आठवीत असाल, फार तर दहावीत. एका रात्रीत शाळा घरी आली. जेवायच्या टेबलावर डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल, मागे कुकरची शिट्टी, आणि आवाज येतोय का म्हणून दर दोन मिनिटांनी विचारणाऱ्या बाई. त्या घरच्या शाळेला तुमच्यापैकी बहुतेक जण कंटाळले होते. पण खरं सांगा, त्या दिवसांतलं आज काय आठवतं? स्क्रीनवरचा धडा की आजीकडून शिकलेली भाकरी? ऑनलाइन टेस्ट की बाहेर सगळं बंद असताना घरातल्या चौघांनीच साजरा केलेला वाढदिवस?

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पाच मुलांची शाळा घरी आणली. कुठल्या साथीमुळे नव्हे, आपणहून. त्यांना तुम्ही ओळखता. शाळेच्या भिंतीवर लांब पांढऱ्या दाढीचा फोटो असायचा, आणि रोज सकाळी आपण त्यांनी लिहिलेलं राष्ट्रगीत म्हणायचो. रवींद्रनाथ टागोर. कवी म्हणून, नोबेलवाले म्हणून त्यांच्याबद्दल आपण बरंच ऐकलेलं असतं. आज त्यांना दाढी पांढरी व्हायच्या आधीचा एक बाप म्हणून भेटू. या बापाचं सगळंच बरोबर होतं असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खडूच्या रिंगणातला मुलगा

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ चा, कोलकात्याच्या जोडासांको भागातल्या प्रचंड वाड्यात. देवेंद्रनाथ आणि शारदादेवींच्या भल्यामोठ्या लेकरावळीतलं हे जवळपास शेंडेफळ. घर श्रीमंत, पण मुलं वाढायची नोकरांच्या हाताखाली. श्याम नावाचा एक नोकर छोट्या रवीला खिडकीपाशी बसवायचा, त्याच्याभोवती खडूनं रिंगण काढायचा आणि बाहेर पाऊल टाकशील तर खबरदार, असा दम भरून आपल्या कामाला निघून जायचा. सीतेनं रेषा ओलांडली तेव्हा काय झालं ते रवीला रामायणामुळे माहीत होतं. तो तासन्‌तास रिंगणात बसून खिडकीतून खालचं तळं आणि तळ्याकाठचा वड बघत राहायचा.

शाळाही त्याला असंच एक रिंगण वाटली. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा एकामागून एक शाळा झाल्या आणि एकीतही जीव रमला नाही. चौदाच्या आसपास त्यानं शाळेला कायमचा रामराम ठोकला. घरच्यांनी हात टेकले.

पण तो शिकलाच नाही असं समजू नका. घरी थोरला भाऊ हेमेंद्रनाथ होता आणि त्याचं टाइमटेबल तुमच्या कुठल्याही क्लासपेक्षा कडक होतं. पहाटे कुस्ती, मग माणसाच्या सांगाड्यावरून हाडांचा अभ्यास, मग गणित, चित्रकला, व्यायाम आणि दिवे लागले की डोळ्यांवर झोप असताना इंग्रजी. पण हेमेंद्रनाथांचा एक आग्रह होता, आधी सगळं मातृभाषेतून. त्याचे उपकार रवींद्रनाथ आयुष्यभर मानत राहिले.

खरं शिक्षण मात्र १८७३ मध्ये झालं. मुंज झाल्यावर वडील या मुलाला घेऊन हिमालयात निघाले. वाटेत बोलपूरजवळच्या माळावर मुक्काम झाला. त्या जागेचं नाव होतं शांतिनिकेतन. पुढे अमृतसर आणि मग डलहौसीजवळचे डोंगर. देवेंद्रनाथांनी अकरा वर्षांच्या पोराकडे खर्चाचे सुटे पैसे आणि सोन्याच्या घड्याळाला किल्ली द्यायचं काम सोपवलं. रवीनं इतक्या उत्साहानं किल्ली पिळली की घड्याळ दुरुस्तीला कोलकात्याला पाठवावं लागलं, तरी वडील रागावले नाहीत. पहाटे संस्कृत, रात्री आकाशातले तारे, आणि दिवसा डोंगरात एकट्यानं कुठंही भटकायला परवानगी. इथं रिंगण नव्हतं. शेजारी एक मोठं माणूस होतं, त्याच्याकडे वेळ होता आणि त्याचा मुलावर विश्वास होता. शाळेत जे कुणाला जमलं नाही ते या काही महिन्यांत झालं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे रवींद्रनाथांनी जे काही केलं त्याचं बी इथं आहे.

आपल्या भागाशीही त्यांच्या घरच्या शिक्षणाचा धागा आहे. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी इंग्रजी बोलणं आणि इंग्रजी वागणं अंगवळणी पडावं म्हणून सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं होतं. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. त्यांची विलायतेहून परतलेली मुलगी अन्नपूर्णा, म्हणजे ॲना, रवींद्रनाथांची शिक्षिका झाली. म्हणजे ही शिकवणीसुद्धा वर्गात नाही, एका मराठी घरात झाली.

पद्मेकाठचं घर

९ डिसेंबर १८८३ ला रवींद्रनाथांचं लग्न झालं. ते बावीस वर्षांचे आणि नवरी दहाच्या आसपासची. ती टागोरांच्याच जमीनदारीतल्या एका कर्मचाऱ्याची मुलगी. तिचं नाव भवतारिणी होतं, सासरी ते बदलून मृणालिनी झालं. तिला काही काळ लोरेटो शाळेत पाठवलं, घरी संस्कृत शिकवलं. पुढे रवींद्रनाथ बाहेरगावाहून तिला पत्रं लिहीत, तेव्हा मायन्यात तिला छुटी म्हणत. छुटी म्हणजे सुट्टी! शाळेवर एवढा राग असलेल्या माणसानं बायकोला याहून लाडाचं नाव कुठलं दिलं असतं?

पाच मुलं झाली. १८८६ मध्ये माधुरीलता, घरातली बेला. १८८८ मध्ये रथींद्रनाथ, म्हणजे रथी. मग रेणुका, तिला रानी म्हणायचे. मग मीरा. आणि १८९६ च्या डिसेंबरात धाकटा शमींद्रनाथ, सगळ्यांचा शमी. तुम्ही कधीतरी ‘काबुलीवाला’ वाचली असेल किंवा सिनेमा पाहिला असेल. त्यातली अखंड बडबड करणारी मिनी रवींद्रनाथांनी आपल्या बेलावरूनच रंगवली.

मुलांना शाळेत घालायची वेळ आली तेव्हा रवींद्रनाथांपुढे प्रश्न उभा राहिला. ज्या शाळांतून आपण पळालो, तिथंच यांना ढकलायचं? तेव्हा ते घरच्या जमीनदारीचा कारभार बघत होते आणि त्यासाठी पद्मा नदीच्या काठी शिलाइदहला त्यांचं सारखं जाणं-येणं असे. हे गाव आज बांगलादेशात आहे. १८९८ च्या सुमाराला त्यांनी बायकामुलांना जोडासांकोच्या गजबजाटातून उचललं आणि शिलाइदहच्या कुठीबाडीत बिऱ्हाड थाटलं. बेला बाराच्या आसपास, रथी दहाचा आणि शमी अजून रांगण्यातून नुकता उठलेला.

या घरच्या शाळेचा स्टाफ बघा. इंग्रजीला लॉरेन्स नावाचे एक विक्षिप्त इंग्रज गृहस्थ. त्यांना शिकवण्याइतकाच नाद रेशमाच्या किड्यांचा होता, त्यामुळे मुलांना इंग्रजीबरोबर रेशमाचे किडे कसे पाळतात हेही शिकायला मिळालं. संस्कृतला शिवधन विद्यार्णव. गणिताला आणि विज्ञानाला जगदानंद राय. हे मूळचे जमीनदारीच्या कचेरीतले, पण विज्ञानावर सुरेख लिहायचे. रवींद्रनाथांनी त्यांना कचेरीतून उचलून मास्तर केलं. बंगाली शिकवायला स्वतः रवींद्रनाथ. आज आपण ज्यांच्यावर पीएचडी करतो, ते सकाळी घरच्या पोरांचं शुद्धलेखन तपासत होते.

पुस्तकं संपली की नदी होती. घोड्यावर बसायचं, होडी वल्हवायची, मासे पकडायचे, पोहायचं, असं सगळं रथीला मोकळं होतं. आईचा जीव टांगणीला लागायचा, वडील मात्र अडवायचे नाहीत. डलहौसीच्या डोंगरात त्यांनाही कुणी अडवलं नव्हतं.

शनिवार-रविवार म्हणजे या घरातला सण. कोलकात्याहून जगदीशचंद्र बोस यायचे, तेच, वनस्पतींवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ. त्यांची एक अट असायची. दर खेपेला रवींद्रनाथांनी नवी गोष्ट लिहून तयार ठेवायची आणि संध्याकाळी वाचून दाखवायची. म्हणजे डेडलाइन त्यांनाही चुकली नव्हती! दिवसा जगदीशबाबू रथीला घेऊन वाळवंटात कासवांची अंडी शोधत फिरायचे. कासवीण वाळूत कुठं अंडी पुरते ते तिच्या पावलांच्या खुणांवरून कसं ओळखायचं, हा धडा एका जगप्रसिद्ध शास्त्रज्ञानं एका मुलाला नदीकाठी दिला. चांदण्या रात्री होडी पात्राच्या मध्यावर नेऊन गाणी व्हायची. मुलं तिथंच ऐकता ऐकता झोपी जायची.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी मृणालिनीदेवींचं स्वयंपाकघर. त्यांच्या हाताला विलक्षण चव होती. रवींद्रनाथ शेजारी मोडा टाकून बसायचे आणि नवनव्या पदार्थांच्या कल्पना काढायचे. अळूच्या जातीच्या कंदाची जिलबी करून बघ, असलेही हट्ट असायचे आणि ती जिलबी खरोखर व्हायची. त्या घराभोवती भाजीचा मळाही मृणालिनीदेवींनीच फुलवला. मुलांसाठी रामायण-महाभारताच्या सोप्या, आटोपशीर आवृत्त्या हव्यात असं रवींद्रनाथांच्या मनात आलं, तेव्हा महाभारताचं काम पुतण्या सुरेंद्रनाथांकडे गेलं आणि रामायणाचं मृणालिनीदेवींकडे. मूळ संस्कृतवरून त्या लिहीत होत्या. सुरेंद्रनाथांचं महाभारत छापलं गेलं. मृणालिनीदेवींची वही मात्र पुढे हरवली.

दोन मांडव

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, काय नशीबवान मुलं! मलाही वाटलं होतं. पण १९०१ साल उजाडतं आणि या सुंदर घराची दुसरी बाजू दिसते.

त्या वर्षीच्या जूनमध्ये बेलाचं लग्न झालं. वय चौदा. मुलगा शरच्चंद्र चक्रवर्ती, शिकलेला, वकील, कवी बिहारीलाल चक्रवर्तींचा. हुंड्याची बोलणी झाली आणि मोठी रक्कम टागोरांच्या घरून गेली. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, रानीचं लग्न झालं. रानी तेव्हा अकराचीही नव्हती.

हेच रवींद्रनाथ दहा वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, ‘देना पाओना’ नावाची गोष्ट लिहून बसले होते. हुंड्याचे पैसे बापाला पुरे करता आले नाहीत म्हणून सासरी झिजून मेलेल्या मुलीची ती गोष्ट आहे. बालविवाहाच्या विरोधातही त्यांनी लिहिलं होतं. मग असं का? चरित्रकार कारणं सांगतात. देवेंद्रनाथ थकले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्या आधारानं लग्नं उरकावीत अशी घाई होती. एकत्र घराच्या चालीरीती होत्या. ही कारणं खरी असतील. पण रथीला नदीत, वाळवंटात, घोड्यावर मोकळं सोडणाऱ्या बापानं मुलींसाठी मात्र तेच जुनं रिंगण आखलं, हेही खरंच आहे. १९०७ मध्ये मीराचं लग्न झालं तेव्हा तीही तेरा वर्षांची होती. तो संसार सुखाचा झाला नाही. त्या लग्नाचा दोष रवींद्रनाथांनी पुढे स्वतःकडेच घेतला आणि मीरा वेगळी राहू लागली तेव्हा ते तिच्या बाजूनं उभे राहिले. उशिरा का होईना, बाप शिकला. त्याची किंमत मात्र मुलींनी मोजली.

तुमच्या वर्गात आज निम्म्या मुली असतील. बेलाच्या वयाच्या असताना त्यांच्यापुढे दहावीची परीक्षा यायची होती. बेलानं पुढे गोष्टी लिहिल्या, त्या मासिकांत छापूनही आल्या. पद्मेकाठची शाळा तिच्यासाठी आणखी पाच वर्षं चालली असती तर तिनं काय लिहिलं असतं, हा प्रश्न रवींद्रनाथांचं कौतुक करतानाही सोडून देता येत नाही.

पाच विद्यार्थी आणि एक आई

त्याच १९०१ मध्ये घरची शाळा घराबाहेर पडली. वडिलांबरोबर अकरा वर्षांचे असताना पाहिलेला बोलपूरचा तो माळ रवींद्रनाथांच्या मनात होताच. २२ डिसेंबर १९०१ ला शांतिनिकेतनात त्यांनी आश्रमशाळा सुरू केली. विद्यार्थी पाच. त्यातला एक रथी. बंगाली पंचांगाप्रमाणे हा पौष महिन्याचा सातवा दिवस होता. देवेंद्रनाथांनी ब्राह्म धर्माची दीक्षा घेतली तो हा दिवस, आणि शांतिनिकेतनात त्या दिवशी उत्सव आणि जत्रा आधीपासून भरत होती. म्हणजे शाळेचा पहिला दिवसच सणाचा.

झाडाखाली वर्ग, अनवाणी पोरं, पहाटे उठणं, साधं जेवण. वाचायला छान वाटतं, पण शाळा चालवायला पैसे लागतात. रवींद्रनाथांनी जगन्नाथपुरीचं आपलं घर विकलं. मृणालिनीदेवींनी एकामागून एक दागिने काढून दिले. आश्रमातल्या मुलांना घरची आठवण येऊ नये म्हणून त्या स्वतः त्यांच्यासाठी खायला करायच्या. आज विश्वभारतीचं नाव घेताना आपण एकट्या रवींद्रनाथांचं घेतो. त्या पायात मृणालिनीदेवींच्या बांगड्या आहेत.

वर्षही पुरं झालं नाही. १९०२ च्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या. त्यांना जोडासांकोला नेलं. नर्स न ठेवता रवींद्रनाथ रात्रंदिवस पंख्यानं वारा घालत उशाशी बसले. २३ नोव्हेंबर १९०२ ला मृणालिनीदेवी गेल्या. त्यांनी तिशीही गाठली नव्हती. भेटायला आलेली माणसं पांगल्यावर वडिलांनी रथीला बोलावलं, आईच्या वापरातल्या सपाता त्याच्या हातात दिल्या आणि जपून ठेवायला सांगितलं. शमी तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता.

लगेच रानीला क्षयानं गाठलं. हवापालटासाठी तिला घेऊन रवींद्रनाथ आधी हजारीबागला आणि मग हिमालयात अल्मोड्याला गेले. आजारी लेक आणि आईविना धाकटा मुलगा, या दोघांचं मन रमवायला त्यांनी तिथं लहान मुलांच्या कविता लिहायला घेतल्या. कधी शूर होऊन आईच्या पालखीचं रक्षण करणारा, कधी फूल होऊन तिच्याशी लपंडाव खेळणारा मुलगा त्या कवितांत आहे. ‘शिशु’ हा तो संग्रह. पुढे यातल्या बऱ्याच कविता इंग्रजीत ‘द क्रेसेंट मून’मध्ये गेल्या आणि जगभर वाचल्या गेल्या. त्या वाचताना एक गोष्ट विसरू नका. ज्या घरात आई उरली नव्हती, त्या घरातल्या मुलांसाठी त्या लिहिलेल्या आहेत. १९०३ च्या सप्टेंबरात रानी गेली.

शमीचा वसंत

आता या गोष्टीच्या खऱ्या नायकाकडे येऊ.

शमी वडिलांसारखा दिसायचा आणि त्यांच्यासारखाच गाण्या-नाटकांत रमायचा. शांतिनिकेतनात तो इतर मुलांबरोबर वाढत होता. १९०६ मध्ये रथी शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेत इलिनॉयला गेला. गंमत म्हणजे त्याआधी घरच्या शाळेतल्या या मुलालाही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावीच लागली होती. परीक्षेतून सुटका रवींद्रनाथांच्या मुलालाही मिळाली नाही, तर तुमची-आमची काय कथा!

१९०७ ची वसंत पंचमी आली. बंगालमध्ये हा सरस्वतीपूजेचा दिवस. दहा वर्षांच्या शमीच्या मनात एक कल्पना आली आणि त्यानं काही मुलांना गोळा केलं. कुणी वसंत झालं, कुणी वर्षा, कुणी शरद. वेश केले, गाणी म्हटली आणि ऋतूंचा उत्सव साजरा झाला. हा कार्यक्रम कुठल्या मास्तरांनी बसवलेला नव्हता आणि परिपत्रक काढून तर नव्हताच. एका मुलाच्या डोक्यातून आलेला हा खेळ होता. ऋतू येतो आणि आपण वर्गात बसून राहतो हे बरोबर नाही, एवढं त्याला कळलं होतं.

त्याच वर्षी पूजेच्या सुट्टीत शमी एका मित्राबरोबर बिहारमध्ये मुंगेरला, त्या मित्राच्या आजोळी गेला. तिथं त्याला कॉलरा झाला. तार मिळताच रवींद्रनाथ धावत गेले. २३ नोव्हेंबर १९०७ ला शमी गेला. तारीख पुन्हा वाचा. पाच वर्षांपूर्वी त्याची आई गेली तोच दिवस. अकरा वर्षं पुरी व्हायला त्याला अजून तीन आठवडे बाकी होते.

रवींद्रनाथ शांतिनिकेतनात परतले आणि कामाला लागले. शाळा बंद ठेवली नाही. खूप वर्षांनी, १९३२ मध्ये, मीराचा तरुण मुलगा जर्मनीत वारला, तेव्हा त्यांनी लेकीला लिहिलेल्या पत्रात शमीनंतरच्या त्या रात्रीच्या रेल्वेप्रवासाची आठवण सांगितली. बाहेर चांदणं नेहमीसारखंच भरून होतं. त्यातलं काहीच कमी झालेलं नव्हतं, आणि आपणही त्या सगळ्याचाच भाग आहोत, आपलंही काम मागे राहता कामा नये, अशा अर्थाचं ते पत्र आहे.

पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, आश्रमात पावसाळ्याचा उत्सव झाला. त्याच वर्षी रवींद्रनाथांनी मुलांसाठी ‘शारदोत्सव’ नाटक लिहिलं. गोष्टच सुट्टीची, शरदातल्या उन्हाची. मग वसंताची नाटकं-गाणी आली. १९२८ मध्ये झाडं लावण्याचा उत्सव सुरू झाला. शेजारच्या श्रीनिकेतनात नांगरणीचा उत्सव सुरू झाला. एकेक करून सगळे ऋतू त्या शाळेच्या कॅलेंडरात आले. शांतिनिकेतनात फाल्गुनात पिवळी वस्त्रं नेसून, केसांत पळसाची फुलं माळून जो वसंतोत्सव व्हायचा, ज्याचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील, त्याच्या मुळाशी पोरांना गोळा करून ऋतूंचे वेश घालणारा एक दहा वर्षांचा मुलगा आहे.

बेला १९१८ मध्ये गेली, तिलाही क्षय झाला होता. जावयाशी संबंध ताणले होते, म्हणून तो घरी नसेल अशा वेळी, दुपारी, बाप लेकीपाशी जाऊन बसायचा. मिनीची बडबड ऐकणारा तोच बाप. रथी अमेरिकेतून परतला, त्यानं १९१० मध्ये प्रतिमादेवींशी लग्न केलं. त्या विधवा होत्या, आणि टागोरांच्या घरातला हा पहिला विधवाविवाह. रथीनं पुढे आयुष्य वडिलांच्या संस्थेला दिलं आणि १९५१ मध्ये विश्वभारतीचा तो पहिला कुलगुरू झाला. ज्याचा पहिला वर्ग पद्मेकाठी, घरातल्या घरात भरला होता तो मुलगा विद्यापीठाचा कुलगुरू! १९३० मध्ये, सत्तरीला टेकलेल्या रवींद्रनाथांनी बंगालीतल्या पोरांसाठी ‘सहज पाठ’ ही वाचनमाला लिहिली, चित्रं नंदलाल बोसांनी काढली. आपल्या पाचांपैकी तीन मुलं गमावलेला माणूस तोपर्यंत दुसऱ्यांच्या मुलांना अक्षरं शिकवतच होता. ७ ऑगस्ट १९४१ ला जोडासांकोच्या त्याच वाड्यात त्यांचं निधन झालं.

आता तुमच्याकडे

या गोष्टीतून शाळा-कॉलेज सोडा, घरी बसा, असा अर्थ काढू नका. सगळ्यांच्या घरी जगदीशचंद्र बोस रविवारी येत नाहीत, आणि सगळ्यांच्या घराला कुठीबाडी नसते. घरचं शिक्षण घर जितकं न्यायी असेल तितकंच न्यायी असतं, हे बेला आणि रानीनं आपल्याला दाखवलंय. आजही कित्येक मुलींसाठी कॉलेज हेच रिंगणाबाहेरचं पहिलं पाऊल आहे.

पण एक गोष्ट तुम्हाला आजच करता येईल. तुमच्या घरात एखादं लहान भावंड असेल, शेजारी एखादं मूल असेल, भाच्या-पुतण्या असतील. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की मोबाइल त्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. किल्ला बांधायला बसा त्याच्याबरोबर. किल्ल्यावर मावळे कुठं उभे करायचे ते त्याला ठरवू द्या, दरवाजा उलट्या बाजूला आला तरी चालेल. चिखलानं फरशी खराब होईल, घरचे ओरडतील, ओरडू देत. देवेंद्रनाथांचं सोन्याचं घड्याळसुद्धा बिघडलंच होतं.

आणि त्या मुलानं एखादा सण, एखादा खेळ स्वतःच्या डोक्यातून काढला, तर तो नीट बघून घ्या. तो पुढे नेण्याचं काम मोठ्यांचं असतं.